पातळ की जाड? गुरुग्रामची पिझ्झा-सफर

मार्च महिन्यातली शनिवारची संध्याकाळ. थंडी सरली आहे, उन्हाळा अजून सुरू व्हायचा आहे. गुरुग्रामच्या सेक्टर २९ मधील बाजारात पाय ठेवायला जागा नाही. गाड्या लावण्यावरून वादावादी चालू आहे, हॉटेलांच्या दारात नावे लिहून घेणारी मुले वह्या घेऊन उभी आहेत आणि आतून भाजलेल्या पिठाचा खमंग वास येतो आहे. अशाच एका पिझ्झाच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर एक मराठी कुटुंब बसले आहे. वडील मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर, आई बँकेत, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेली आजी.

मुलाला चीज बर्स्ट हवा आहे. मुलीला कुरकुरीत थिन क्रस्ट. वडिलांना कॉलेजच्या दिवसांपासून जाड, लुसलुशीत पॅन पिझ्झाच आवडतो. आई म्हणते, "काहीही मागवा, पण एकच मोठा मागवा. मागच्या वेळी चार मागवले आणि अडीच घरी आणले."

शेवटी वडील तोडगा काढतात. वेटरला म्हणतात, "हाफ-हाफ कर दो."

वेटर हसतो. "टॉपिंग आधा-आधा हो जाएगा, सर. बेस तो एक ही रहेगा."

खरी गंमत इथेच आहे. पिझ्झावर अर्ध्या भागात पनीर आणि अर्ध्यात मशरूम घालता येते. कोणाला कांदा नको असेल तर त्याच्या बाजूचा कांदा वगळता येतो. पण बेस मात्र अख्ख्या पिझ्झाला एकच असतो. तो पातळ तरी असेल किंवा जाड तरी. त्यामुळे पिझ्झा खायला निघालेल्या कुटुंबात खरा वाद होतो तो बेसवरून, आणि गुरुग्रामसारख्या शहरात, जिथे प्रत्येक घर वेगळ्या प्रांतातून आणि वेगळ्या पोळीवर वाढून आलेले आहे, तिथे तर हा वाद फारच रंगतो.

द्रोणाचार्यांचे गाव, मोटारींचे शहर

दिल्लीच्या नैऋत्येला लागून असलेले हे शहर हरियाणा राज्यात आहे. महाभारतातील गुरू द्रोणाचार्यांना हे गाव शिष्यांकडून मिळाले, म्हणून ते गुरुग्राम, अशी आख्यायिका आहे. बोलण्यात त्याचे गुडगाव झाले. २०१६ मध्ये हरियाणा सरकारने गुरुग्राम हे नाव अधिकृत केले, तरी रिक्षावाल्यापासून कंपनीच्या मॅनेजरपर्यंत अनेकांच्या तोंडी अजून 'गुडगाव'च आहे. मेट्रोच्या एका स्टेशनला मात्र द्रोणाचार्यांचेच नाव आहे.

जुने गुडगाव म्हणजे शीतला मातेचे मंदिर, सदर बाजार आणि आजूबाजूची शेती. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली अनेक कुटुंबे इथे वसली आणि त्यांच्याबरोबर तंदूर आला. डिसेंबर १९८३ मध्ये इथल्या कारखान्यातून पहिली मारुती मोटार बाहेर पडली आणि गावाचे नशीब पालटले. त्याच दशकात मोठ्या बिल्डरांनी शेतजमिनी घेऊन वसाहती आखल्या. नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्यांची कचेरी-संकुले आणि कॉल सेंटरे आली. २००८ मध्ये दिल्लीशी जोडणारा द्रुतगती मार्ग खुला झाला, जून २०१० मध्ये दिल्ली मेट्रोची पिवळी मार्गिका इथवर पोहोचली आणि २०१३ मध्ये शहरांतर्गत रॅपिड मेट्रो धावू लागली.

कामासाठी लोक आले केरळातून, बंगालमधून, आसामातून, तामिळनाडूतून आणि अर्थात महाराष्ट्रातूनही. नवरा-बायको दोघेही नोकरीला, घरी परतायला रात्रीचे आठ-नऊ वाजणार. अशा शहरात बाहेरून जेवण मागवणे ही चैन उरली नाही, ती गरज झाली. मोबाइलवरून जेवण मागवण्याची सोय देशभर पोहोचवणाऱ्या झोमॅटोचे मुख्य कार्यालय गुरुग्राममध्येच असावे, हे म्हणूनच नवल नाही. पिझ्झा हटची अनेक दुकाने चालवणाऱ्या देवयानी इंटरनॅशनल या कंपनीचा कारभारही याच शहरातून चालतो.

निरुलाजपासून चीज बर्स्टपर्यंत

दिल्लीकरांना पिझ्झा परदेशी कंपन्यांनी शिकवला असे मानले जाते, पण ते पुरते खरे नाही. कॅनॉट प्लेसमधील निरुलाजमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून पिझ्झा मिळत असे. परीक्षेत चांगले गुण मिळाले की तिथे जायचे, ही दिल्लीच्या एका पिढीची ठेव आहे. तो पिझ्झा इटलीच्या मापाने कसा होता याची कोणी चिकित्सा केली नाही. बेस ब्रेडसारखा मऊ आणि वर आपल्याला रुचेल असा मसाला.

जानेवारी १९९६ मध्ये डॉमिनोजने भारतातले पहिले दुकान दिल्लीत उघडले. त्याच वर्षी जूनमध्ये पिझ्झा हट बंगळुरूत आले. एकाने तीस मिनिटांत घरपोच पिझ्झाचे वचन दिले, दुसऱ्याने वातानुकूलित हॉटेलात काटा-चमच्याने खायला बसवले. 'क्रस्ट कोणता?' हा प्रश्न सर्वसामान्य भारतीय घरात शिरला तो याच काळात. तोवर बेस म्हणजे बेकरीत प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-दोन मिळणारी, वर टोचे मारलेली गोल चकती. पुण्या-मुंबईच्या गृहिणी ती तव्यावर ठेवून, त्यावर टोमॅटो सॉस, ढोबळी मिरची आणि किसलेले अमूल चीज घालून, झाकण ठेवून पिझ्झा करत. आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेल्या मराठी माणसाची पिझ्झाची पहिली आठवण बहुधा याच तव्याची असते.

बेसची जातकुळी

पिझ्झाच्या बेसमध्ये असते तरी काय? पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट. क्वचित थोडे तेल आणि साखर. पण हेच पदार्थ किती प्रमाणात, किती वेळ आणि किती आचेवर, यावर सारी जादू अवलंबून असते. एकाच कणकेतून फुलका, पराठा आणि पुरी होते, तसेच हे.

नेपल्सचा पिझ्झा: पिझ्झाचे माहेर म्हणजे इटलीतील नेपल्स. तिथल्या पिझ्झाच्या रक्षणासाठी १९८४ मध्ये संस्था स्थापन झाली आणि तिने नियमच घालून दिले. पीठ हातानेच थापायचे, लाटणे लावायचे नाही. भट्टीचे तापमान सुमारे ४३० ते ४८५ अंश सेल्सिअस आणि भाजण्याचा वेळ फक्त ६० ते ९० सेकंद. मधला भाग अगदी पातळ आणि ओलसर, कड मात्र एक-दोन सेंटिमीटर फुगलेली आणि तिच्यावर काळे ठिपके. हा पिझ्झा कुरकुरीत नसतो, मऊ असतो. नेपल्सच्या पिझ्झा बनवणाऱ्यांच्या या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

थिन क्रस्ट: पातळ लाटलेला, सगळीकडून सारखा भाजलेला आणि कडकडीत. तुकडा मोडला की खाकऱ्यासारखा आवाज आला पाहिजे. यात पीठ कमी पोटात जाते, म्हणून वजनाची काळजी करणारी मंडळी याच्याकडे वळतात.

हँड टॉस्ड: अमेरिकेत रुळलेला मधला मार्ग. ना फार जाड, ना फार पातळ. न्यूयॉर्कमध्ये याचा मोठा थोरला तुकडा मधोमध दुमडून, रस्त्याने चालता चालता खातात.

पॅन: खोलगट तव्यात तेल सोडून त्यात पीठ पसरतात आणि ते फुगू देतात. भट्टीत गेल्यावर बेसचा तळ अक्षरशः तेलात तळला जातो. खाली खुसखुशीत आणि आत पावासारखा मऊ. वडापाव आणि मिसळपाववर वाढलेल्या जिभेला हा चटकन आपलासा वाटतो.

डीप डिश आणि डेट्रॉइट: १९४३ मध्ये शिकागोत उंच कडांचा, भरलेल्या थाळ्यासारखा पिझ्झा जन्मला. त्यात चीज खाली आणि सॉस वर. १९४६ मध्ये डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात चौकोनी पिझ्झा सुरू झाला. कारखान्यात सुटे भाग ठेवण्यासाठी वापरत त्या पोलादी ट्रेमध्ये तो भाजत, असे सांगतात. ट्रेच्या कडेला लागून खरपूस झालेले चीज ही त्याची खासियत. मारुतीच्या गावात हा पिझ्झा खाताना त्याची ही जन्मकथा आठवल्याशिवाय राहत नाही.

स्टफ्ड क्रस्ट आणि चीज बर्स्ट: लोक कड टाकून देतात हे पाहून १९९५ मध्ये पिझ्झा हटने अमेरिकेत कडेच्या आतच चीज भरले. चीज बर्स्टमध्ये त्याहून पुढची मजल आहे. बेसच्या दोन थरांमध्ये पातळ चीज भरलेले असते आणि तुकडा उचलला की ते ओघळू लागते. पोळीत पुरण भरण्याची आपल्याकडची जुनी युक्तीच जणू! बच्चेकंपनीचा हा सर्वांत लाडका.

भट्टीतला धूर आणि हिवाळा

गेल्या काही वर्षांत गुरुग्राममध्ये नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा देणारी ठिकाणे वाढली आहेत. सायबर हब, गॅलेरिया मार्केट, गोल्फ कोर्स रोड या भागांत फिरताना काचेपलीकडे गोल घुमटाची भट्टी आणि लांब दांड्याचे फावडे घेऊन उभा असलेला कारागीर हमखास दिसतो. इथल्या 'दा सूझी' या पिझ्झेरियाचे नाव तर इटलीतून निघणाऱ्या '५० टॉप पिझ्झा' या मार्गदर्शिकेच्या आशिया-पॅसिफिक यादीत झळकले आहे.

पण या शहरात भट्टीलाही ऋतू आहे. दिवाळीच्या सुमारास दिल्ली परिसराची हवा बिघडू लागते. हवेचा दर्जा ठरावीक पातळीखाली गेला की प्रदूषण आवरण्यासाठी टप्प्याटप्प्याने निर्बंध लागू होतात आणि त्यात हॉटेलांमध्ये कोळसा व लाकूड जाळण्यावर, तंदूरसाठीसुद्धा, बंदी येते. मग गॅस किंवा विजेच्या भट्टीचाच आधार. गॅसची चांगली भट्टीही हवे तेवढे तापते, त्यामुळे कड फुगते, ठिपकेही पडतात. जाणकार खवय्ये मात्र लाकडाच्या धुराची ती हलकीशी लज्जत शोधत राहतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लाकडाच्या भट्टीच्या ओढीने जाणार असाल, तर आधी फोन करून विचारलेले बरे.

जशी घरची भाकरी, तशी पिझ्झाची आवड

बेसच्या आवडीनिवडीचा थोडा बारकाईने विचार केला, तर लक्षात येते की ही आवड पिझ्झाच्या हॉटेलात तयार झालेलीच नसते. ती घरून आलेली असते.

पंजाबी घरातला माणूस नेपल्सच्या पिझ्झावरचे काळे ठिपके पाहून दचकत नाही. तंदूरी रोटी आणि नान त्याने लहानपणापासून तसेच खाल्लेले असतात. पंजाबातल्या गावांमध्ये 'सांझा चूल्हा' असे, म्हणजे गल्लीचा मिळून एक तंदूर. बायका आपापली मळलेली कणीक घेऊन तिथे जमत, रोट्या लावत आणि सुखदुःखाच्या गोष्टी करत. तापलेल्या भिंतीवर पीठ चिकटवायचे आणि फुगून ठिपके पडले की काढायचे, ही कला नेपल्सच्या भट्टीची सख्खी चुलत बहीण म्हणावी अशीच आहे.

हरियाणवी घरात बाजरीची रोटी आणि मिस्सी रोटी. तिथल्या माणसाला पोटभरीचा, दाताखाली जाणवणारा बेस हवा असतो. वर लोण्याची सवय, त्यामुळे चीज कमी पडले की तो नाराज. गुजराती घरातल्यांना थिन क्रस्टमध्ये खाकरा भेटतो. मुंबईच्या माणसाला पॅन पिझ्झात पाव दिसतो. अगदी मऊ, मध्ये ओलसर असलेला नेपल्सचा पिझ्झा समोर आला की फुलके खाणारी अनेक मंडळी म्हणतात, "हा कच्चा राहिलाय, परत भाजून आणा." तो कच्चा नसतो, त्याची रीतच तशी असते. पण कारागिराने हे कितीही समजावले, तरी जीभ आपल्या स्वयंपाकघराचीच साक्ष काढते.

यात चूक-बरोबर काही नाही. अमका बेस खानदानी आणि तमका गावठी, असे नाक मुरडणारे लोक भेटतात. चीज बर्स्ट मागवणाऱ्याकडे ते कीव केल्यासारखे पाहतात. पण खुद्द अमेरिकेत शिकागो आणि न्यूयॉर्कचे लोक याच विषयावर वर्षानुवर्षे एकमेकांची टिंगल करत आले आहेत. भाकरी ज्वारीची चांगली की बाजरीची, पुरणपोळी तुपाशी की दुधाशी, हे वाद आपल्याकडे कधी मिटले आहेत का?

सरकारी दफ्तरात मात्र या वादाचा एक गमतीदार निकाल लागला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा चपाती, रोटी, पराठा यांच्याबरोबरच पिझ्झा ब्रेडवरचा करही शून्य करण्यात आला. हॉटेलात मिळणाऱ्या तयार पिझ्झाला ही सवलत नाही, पण दुकानातून आणलेला बेस आणि चपाती आता एकाच रांगेत बसल्या आहेत.

ताटात उरलेली कड

कोणत्याही पिझ्झाच्या हॉटेलात टेबल आवरताना पाहिले, की ताटात काय उरते? कडा. वरचा चीज-भाजीचा भाग खायचा आणि कड तशीच ठेवायची, ही मुलांची जगभरची खोड. अनेक घरांत यावरून खटके उडतात. अन्न टाकायचे नाही, या शिकवणीत वाढलेल्या आजी-आजोबांना ती कड बघवत नाही आणि मुलांना ती गिळवत नाही.

खरे तर चांगल्या पिझ्झाची परीक्षा कडेवरूनच होते. वर चीज आणि मसाला असला की कसाही बेस खपून जातो. कडेला मात्र लपायला जागा नसते. पीठ पुरेसा वेळ मुरले असेल, तर कडेला किंचित आंबूस-गोड चव येते. घाईने यीस्ट जास्त घालून फुगवले असेल, तर ती कोरडी आणि बेचव लागते. म्हणून चांगले कारागीर पीठ आठ तास, काही जण तर थंड जागी दिवसभराहून अधिक मुरवतात. इडलीचे पीठ नीट आंबले नाही तर इडली कशी दडदडीत होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. गणित तेच. मुले कड टाकत असतील, तर दर वेळी दोष मुलांचाच असतो असे नाही.

तरीही कडा उरल्याच, तर त्या टाकू नका. दुसऱ्या दिवशी त्यांचे बारीक तुकडे करून घ्या. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि शेंगदाण्यांची फोडणी करून त्यात कांदा व हिरवी मिरची परता. मग तुकडे घालून पाण्याचा हबका मारा आणि दोन मिनिटे झाकण ठेवा. वरून लिंबू व कोथिंबीर. शिळ्या पोळीचा कुस्करा आवडतो, त्यांना हा नक्कीच आवडेल.

मैदा, काळजी आणि तारतम्य

पिझ्झा म्हटले की आईच्या मनात पहिला शब्द येतो तो मैदा. काळजी रास्त आहे. मैद्यात कोंडा नसतो, त्यामुळे तंतुमय भाग नगण्य. त्यात चीज बर्स्टसारख्या बेसमध्ये स्निग्धांश आणि मीठ दोन्ही वाढतात. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने पाव आणि पिझ्झा ब्रेडसारख्या पदार्थांची तपासणी करून त्यात पोटॅशियम ब्रोमेट व आयोडेटचे अंश असल्याचे उघड केले होते. त्यानंतर त्याच वर्षी पोटॅशियम ब्रोमेटच्या वापरावर देशात बंदी आली. स्निग्ध पदार्थांतील घातक ट्रान्स फॅटवरही २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

म्हणजे पिझ्झा सोडूनच द्यावा का? तसे मुळीच नाही. रोजचा न करता कधीतरी करावा. पातळ बेस निवडावा, वर भाज्या भरपूर घ्याव्यात आणि सोबत गोड शीतपेयाऐवजी ताक किंवा लिंबूपाणी घ्यावे. बऱ्याच ठिकाणी आता गव्हाच्या पिठाचा बेसही मिळतो. तो मैद्याइतका फुगत नाही, कारण गव्हातला कोंडा पिठाचे जाळे ताणू देत नाही. पण चवीला तो आपल्या पोळीच्या जवळचा असतो.

घरीही हा बेस सहज करता येतो. एक वाटी मैदा, एक वाटी कणीक, अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, चवीला मीठ, चिमूटभर साखर, एक मोठा चमचा तेल आणि साधारण पाऊण वाटी कोमट पाणी घेऊन सैलसर मळा. दहा मिनिटे चांगले तिंबा आणि दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा. उन्हाळ्यात तासाभरात फुगते, दिल्लीकडच्या थंडीत दोन-तीन तासही लागतात. जाडसर थापून काट्याने टोचे मारा. तव्यावर एक बाजू भाजून उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस, भाज्या आणि चीज घाला, झाकण ठेवून मंद आचेवर चीज वितळू द्या. घरचा ओव्हन जेमतेम २५० अंशांपर्यंत तापतो, त्यामुळे नेपल्सच्या पिझ्झाचा हट्ट घरी धरू नये. पातळ कुरकुरीत किंवा पॅन पद्धतीचा पिझ्झा मात्र घरी उत्तम जमतो.

सफर कशी आखाल?

गुरुग्रामला जाणे फार सोपे आहे. दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ शहराच्या अगदी वेशीवर आहे. दिल्लीतून मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेने थेट मिलेनियम सिटी सेंटरला उतरावे. पूर्वी या स्टेशनचे नाव हुडा सिटी सेंटर होते. सेक्टर २९ चा बाजार इथून जवळ आहे. सायबर हबला जाण्यासाठी सिकंदरपूरला उतरून रॅपिड मेट्रो पकडावी.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ फिरायला चांगला, मात्र दिवाळीनंतरचे धुरकट आठवडे टाळावेत. थंडीत येणार असाल तर सकाळ सुलतानपूरच्या राष्ट्रीय उद्यानात घालवावी. शहरापासून जवळच असलेल्या या पाणथळ जागेला २०२१ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि हिवाळ्यात इथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. मोटारी-आगगाड्यांची आवड असलेली मुले बरोबर असतील, तर तावडू येथील हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम चुकवू नये. दुपारी जुन्या गुडगावच्या सदर बाजारात फेरफटका मारावा आणि संध्याकाळी पिझ्झा. एकाच दिवसात तंदूरची रोटी आणि भट्टीतला पिझ्झा दोन्ही खाल्ले, म्हणजे या शहराची खरी चव कळते.

आजींसाठी काय?

सेक्टर २९ मधल्या त्या टेबलावर वाद अजून चालूच होता. मुलगा रुसला होता, मुलगी मोबाइल उघडून बसली होती. वेटर शांतपणे उभा होता. मग त्याने अदबीने विचारले, "और माताजी के लिए क्या लाऊँ?"

टेबलावर एकदम शांतता पसरली. गेले सहा आठवडे घरी पिझ्झा यायचा, तेव्हा आजीसाठी वरण-भाताचा कुकर वेगळा लागायचा. मुले आपापला डबा घेऊन आपापल्या खोलीत जायची आणि आजी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर एकटी जेवायची. आजीला पिझ्झा चालत नाही, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. तिला कोणी विचारले मात्र नव्हते.

"आई, तुम्ही खाल पिझ्झा?" सुनेने विचारले.

आजी काचेपलीकडच्या भट्टीकडे पाहत होती. कारागिराने नुकताच एक पिझ्झा बाहेर काढला होता, कड फुगलेली, जागोजागी करपलेली. "तो चालेल मला," ती म्हणाली. "वास चुलीवरच्या भाकरीसारखा येतोय."

त्या संध्याकाळी आजीच्या पसंतीचा एकच मोठा पिझ्झा आला. अर्धा पनीरचा, अर्धा मशरूमचा, बेस एकच. मुलाने सवयीप्रमाणे वरचा भाग खाऊन कड ताटात ठेवली. आजीने ती उचलली, सॉसमध्ये बुडवली आणि चवीने खाल्ली. "अरे, करपलेली कड म्हणजे भाकरीतला सगळ्यात चांगला भाग. आम्ही भावंडं भांडायचो तिच्यासाठी."

पुढच्या तुकड्याची कड मुलाने ठेवली नाही. अर्धी आजीला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली.

घरी परतताना गाडीतच ठरले. इथून पुढे शनिवारी एकच पिझ्झा मागवायचा, मोठ्या टेबलावर सगळ्यांनी मिळून खायचा आणि बेस ठरवायचा मान आळीपाळीने एकेकाला द्यायचा. पुढचा शनिवार मुलाचा. म्हणजे चीज बर्स्ट! आजीने तेही खाऊन बघायचे कबूल केले आहे. फक्त एक अट घातली आहे: सोबत ताक हवे.